पप्पांनी दिलेला चार्ज

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आमचं बौद्ध घर. नवस, अंगारे, बाहेरची बाधा... पप्पांनी यातलं काहीच उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. त्यामुळे हे त्यांच्याबद्दलच लिहिताना थोडं हसूही येतंय.

पप्पा चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर ऑपरेटर होते. ड्यूटी संपली तरी रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय मशीन सोडायचे नाहीत. तो आला की मशीनवर बोटांनी दोनदा ठकठक करायचे आणि म्हणायचे, "घे, चालू हाय." याला ते चार्ज देणं म्हणत. सवय इतकी मुरलेली की घरी मला गाडीची चावी देतानाही तेच! पण त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी कंपनीने ती लाइनच बंद केली. रिलीव्हर आलाच नाही. त्या दिवशी घरी येऊन पप्पा जेवले नाहीत. "चार्ज कुणाला दिलाच न्हाई गं," एवढंच म्हणाले. पुढच्याच वर्षी ते गेले. ही गोष्ट मला फार लागून राहिली.

नंतर मला तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये नोकरी लागली. काम काय, तर कारखान्यातल्या ऑपरेटरना मशीनसमोर दिसतात त्या स्क्रीन बनवायच्या. म्हणजे पप्पांसारख्यांसाठीच! पहिल्या दिवशी प्रोजेक्ट स्वतःच्या लॅपटॉपवर घ्यायचा, त्याला लागणारं सगळं इन्स्टॉल करायचं आणि ब्राउझरमध्ये चालू करून दाखवायचा. टीम लीड समीर सर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत लॉगिनची स्क्रीन दिसली तर तू या टीममध्ये. नाहीतर टेस्टिंगला पाठवावं लागेल. क्लायंटला नावं आजच द्यायचीत."

दुपारपर्यंत माझं डोकं आउट. एक व्हर्जन जमवलं की दुसरं रुसायचं. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाकायच्या काळ्या खिडकीत, लाल एररची रांग आणि ब्राउझर पांढराफटक. बाहेर रस्त्यावर शिफ्ट सुटलेल्या कंपन्यांच्या बस दिसायला लागल्या, तेव्हा मी हात टेकले. लॅपटॉप शटडाउन केला, झाकण लावलं आणि तोंड धुवायला गेले. रडलेही, खोटं कशाला बोलू...

परत आले तर झाकण उघडं! लॅपटॉप सुरू, टर्मिनलमध्ये सर्व्हर चालतोय, आणि समोर लॉगिनची स्क्रीन. अगदी हवी तशी.

शेजारच्या टेबलावर कोमल होती. लातूरची, माझ्यासोबत त्याच दिवशी जॉइन झालेली. आमची धड ओळखही नव्हती. तिला विचारलं, "तू केलंस का गं हे?"

"मी कशाला हात लावू? ते काका आलते ना, खाकी ड्रेसमधले. मला वाटलं मेंटेनन्सचे. टेबलावर ठकठक केलं अन् म्हणले, घे, चालू हाय. मी म्हणलं, ती बाहेर गेलीय. तर म्हणले, येऊ दे, मी थांबतो."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. "मग गेले कधी?"

"आत्ताच की! तू दारातून आलीस, तसं तुझ्याकडं बघून हसले अन् निघाले. तुझ्या शेजारून तर गेले. तुला दिसले नाहीत?"

मला कुणीच दिसलं नव्हतं. गेटवर विचारलं, खाकीतलं कुणी आत आलेलंच नव्हतं. समीर सर म्हणाले, "कॅशे असेल, आधीचं काहीतरी साठून राहिलेलं." बंद केलेल्या लॅपटॉपला कसला कॅशे, सर? पण तोवर माझं नाव यादीत गेलं होतं.

मागच्या महिन्यात आमची स्क्रीन चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनसमोर बसली. चालू करून द्यायला मीच गेले होते. तिथले ऑपरेटर दादा पुढे आले आणि माझी बोटं आपोआप स्क्रीनच्या कडेवर दोनदा वाजली. "घ्या दादा, चालू हाय," मी म्हणाले. छाती अशी भरून आली म्हणून सांगू...

त्या दिवशी ऑफिसमध्ये नेमकं काय घडलं, ते मला आजही सांगता येत नाही. कुणाला कळलं तर जरूर लिहा. मला एवढंच ठाऊक आहे, की पप्पांचा रिलीव्हर आला. थोडा उशिरा आला, पण आला. आणि ती मी आहे.