वहिनींचा पाचवा तास

आमच्या थोरल्या वहिनी एका हायस्कुलात सव्वीस वर्षं फ्रेंच शिकवतात. घरात रागावतातही फ्रेंचमध्येच. त्यामुळे त्या काय बोलल्या हे कुणाला कळत नाही आणि भांडण वाढत नाही. दादा तर अर्धा संसार ते कौतुक समजून मान डोलवत आले. दादांचं चष्म्यांचं दुकान आहे. वहिनींचा पट्टा सुरू झाला की ते एखादी काच हातात घेऊन पुसत बसतात. त्यांच्या दुकानातल्या काचा गावात सगळ्यांत स्वच्छ.

गेल्या वर्षी मुख्याध्यापिकाबाईंनी वहिनींना बोलावून घेतलं. नववीत फ्रेंचला नऊ मुलं होती आणि स्पॅनिशला बेचाळीस. त्यात स्पॅनिशचे तरुण सर लग्न करून वर्षअखेरीला दुसऱ्या गावी निघालेले.

"नऊ मुलांसाठी अख्खी शिक्षिका ठेवता येत नाही हो," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "तुम्ही स्पॅनिशची परीक्षा पास झालात, तर दोन्ही भाषा तुमच्याकडे. नाहीतर तुम्ही वाचनालय सांभाळा, फ्रेंच बंद."

"आणि माझी नऊ मुलं?"

"त्यांना चित्रकलेला बसवू."

त्या नवांपैकी एकालाही पट्टी घेऊन सरळ रेघ मारता येत नव्हती. वहिनी म्हणाल्या, "बसते परीक्षेला."

पाचवा तास मोकळा होता. वहिनी नवी वही घेऊन स्पॅनिशच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसल्या. वय वर्षं बावन्न. स्पॅनिशचे सर एकेकाळी वहिनींचेच विद्यार्थी. फ्रेंचमध्ये दोनदा आपटल्यावर वैतागून स्पॅनिशकडे वळलेले. वहिनींना बाकावर पाहून बिचाऱ्याच्या हातातला खडू पडला.

"बाई, गृहपाठ?" दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं. आवाज त्यांचाच कापत होता.

"काल घरी पाहुणे आले होते, सर."

बेचाळीस मुलं फिस्सकन हसली. हेच कारण सांगितल्याबद्दल वहिनींनी या सरांना एकेकाळी पूर्ण तास बाहेर उभं केलं होतं. सरांनी दाराकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. "उद्या आणा," एवढंच म्हणाले.

शेजारी दोन वेण्यांची एक मुलगी बसायची. तिसऱ्या तासाला ती वहिनींची फ्रेंचची विद्यार्थिनी आणि पाचव्या तासाला वर्गमैत्रीण. दोन्ही भाषा एकदम शिकणारी शाळेतली ती एकटीच. एकदा शब्द आठवेना म्हणून वहिनींची मान जराशी तिच्या वहीकडे वळली. पोरीनं पटकन वहीवर हात आडवा धरला.

"बाई, दुसऱ्याच्या वहीत बघायचं नाही. तुम्हीच सांगितलंय."

"मी तुझं अक्षर बघत होते."

"हो, मी पण सकाळी हेच म्हटलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत."

खरी पंचाईत वेगळीच होती. फ्रेंच आणि स्पॅनिश पडल्या सख्ख्या बहिणी. वहिनी एकीला हाक मारायच्या आणि दुसरी ओ द्यायची. सव्वीस वर्षं घर करून राहिलेली फ्रेंच काही जागा सोडेना. मग त्यांनी घरभर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. आरशावर, किटलीवर, दाराच्या कडीवर स्पॅनिश शब्द.

"आणि मी?" दादांनी विचारलं. "मला नाही चिकटवलीस?"

"तुमच्यासाठी शब्द शोधतेय. दोन्ही भाषांत सौम्य सापडत नाहीये."

परीक्षा बाहेरचं मंडळ घ्यायचं. कुणालाही बसता यायचं, म्हणून वेण्यावालीही त्याच खोलीत बसली होती. पन्नासला पास. वहिनींचा पेपर असा काही गेला की वेळ संपायच्या अर्धा तास आधीच त्यांनी शेवटचं उत्तर लिहून टाकलं. आता शहाण्या माणसानं काय करावं? पेपर एकदा नजरेखालून घालावा. वहिनींनीही घातला. पहिल्या पानावर एक चूक दिसली. हात आपोआप पर्समध्ये गेला आणि लाल पेन घेऊन वर आला.

पुढची वीस मिनिटं त्या सुखात होत्या. चुकांभोवती गोल काढले, समासात मार्क टाकले, बेरीज केली आणि शेवटी शेरा लिहिला: "अक्षर बरे. घाई फार. शंभरपैकी एकसष्ट." खाली झोकदार सही.

"बाई!" मागच्या बाकावरून वेण्यावालीचा दबलेला आवाज आला. "काय करताय?"

वहिनींनी पानाकडे पाहिलं आणि घाईनं लाल पेनाला टोपण घातलं. लाल शाई फक्त परीक्षकांची. उत्तरपत्रिकेत दिसली की पेपर बाजूला. वर्षानुवर्षं हा नियम परीक्षेआधी मुलांना बजावून सांगणाऱ्या बाई याच.

घरी येऊन त्या खुर्चीत बसून राहिल्या. फ्रेंचमध्येसुद्धा काही बोलल्या नाहीत. दादा घाबरले.

"अगं, विनंतीचा अर्ज कर की."

"कशाबद्दल? नियम बरोबर आहे. माझ्या मूर्खपणापायी नऊ पोरं रेघा मारत बसणार."

आठवड्यानं मंडळाचं बोलावणं आलं. लाल मार्क नक्की कुणी टाकले, अशी त्यांना शंका. पेपर तुमचाच आहे आणि तुम्ही तो स्वतः लिहिलाय, हे समोरासमोर पटवा, बोलणं स्पॅनिशमध्ये. टेबलापलीकडे दोन परीक्षक. त्यांतले टक्कलवाले जाडजूड गृहस्थ पेपर चाळत हसून म्हणाले, "तुम्ही स्वतःवर फार कडक आहात. माझ्या हिशेबानं चौऱ्याहत्तर होतात."

हे काही त्यांनी बरं केलं नाही. कुणी मार्क उधळलेले वहिनींना खपत नाहीत, मग ते त्यांचेच का असेनात. त्या खुर्ची पुढे ओढून सरसावल्या. चौथ्या प्रश्नाला आठ मार्क कसे देता? निबंधाला शेवट आहे का? हे वाक्य वाक्य म्हणण्याच्या लायकीचं आहे का? पंचवीस मिनिटं त्या अस्खलित स्पॅनिशमध्ये भांडल्या. फ्रेंचचा एक शब्द मध्ये आला नाही. यायला फटच नव्हती. दुसऱ्या परीक्षकबाई रुमाल तोंडाला लावून हसत होत्या. टक्कलवाले घाम पुसत सत्तरवर आले, मग अडुसष्टवर, आणि तिथे मात्र अडून बसले.

"बाई, याच्या खाली मी येणार नाही. पास आहात. कृपा करून जा."

बाहेर दादा वाट पाहत उभे होते. वहिनी तणतणतच आल्या. "सात मार्क फुकट दिलेत मेल्यांनी!"

"म्हणजे पास?"

"पास होऊन काय उपयोग, तपासायची रीत का ही?"

दादांनी भर रस्त्यात हात जोडले. आकाशाला की वहिनींना, ते त्यांनाच माहीत.

सोमवारी तिसऱ्या तासाला वहिनींनी नऊ मुलांना सांगितलं की फ्रेंच चालू राहणार. मुलांनी बाक वाजवले, टाळ्या पिटल्या, एकानं शिट्टीसुद्धा मारली. त्या टाळ्या थांबेपर्यंत वहिनींनी फळ्यावर गृहपाठ लिहून काढला होता, फळाभर.