पावणेसातला उठणारी रोझी

नंदाखाल गावच्या रोझीला अमेरिकेचा इतिहास पाठ होता, पण अर्धाच. उरलेला रोज पावणेसातनंतर शिकवला जायचा, आणि पावणेसातला ती वर्गातून उठायची.

पंचेचाळिशीची बाई दोन वर्षं चर्चमागच्या कम्युनिटी कॉलेजात पदविकेला बसते म्हटल्यावर आळीतल्या बायका म्हणाल्या, हिला काय म्हातारपणी अमेरिका गाठायची आहे? कसली अमेरिका घेऊन बसलात! दहावीनंतर लग्न झालं आणि पंचवीस वर्षं केळीच्या वाडीत पाणी सोडण्यात, पहाटे भाजीच्या जुड्या बांधण्यात गेली. आता कंबर बोलायला लागली होती. शाळेच्या ग्रंथालयात बाई हवी होती. पदविका आणा, जूनपासून या, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं. पंख्याखाली बसायचं, पुस्तकं लावायची. रोझीला तेवढंच हवं होतं.

विषय दोन. पाश्चात्त्य विचार आणि कला हा पेपर पहिल्याच खेपेला सुटला. ग्रीक लोकांनी तिला फारसा त्रास दिला नाही. अमेरिकेने मात्र घात केला. चार गुणांनी गेली, आणि तीही नेमकी पावणेसातनंतर शिकवलेल्या प्रश्नांत. दुसरी खेप शेवटची, मग नाव कमी. शिकवणारे विद्याधर सर भला माणूस. ते म्हणाले, रोझीताई, निदान यादवी युद्ध संपेपर्यंत तरी बसा.

पण घरी सासू होती ना! ज्युलिएटबाई, वय ब्याऐंशी. सातला चर्चची घंटा झाली की घरात माळेची प्रार्थना सुरू झालीच पाहिजे, आणि ती रोझीनेच सांगायची; प्रत्येक मण्याला अर्धी प्रार्थना ती म्हणणार, उरलेली अर्धी म्हातारी. रोझीचा नवरा व्हिक्टर कंपनीतून नऊला यायचा, म्हणून तो सुटला. म्हातारी एवढी कडक, की एक शब्द गाळला तर दहाही मणी पुन्हा. नवी सून असताना रोझीने एकदा तेच दहा मणी चार वेळा फिरवले होते. तोवर मासळीचं कालवण गार होऊन गेलं होतं.

त्या मंगळवारी मात्र रोझीचं डोकं फिरलं. परीक्षेला तीन आठवडे उरले होते. वर्गातून घरी येताना ती रस्ताभर एकच वाक्य घोकत आली. आई, परीक्षा होईपर्यंत मी माळेला नाही. बस्स.

घरात शिरते तोच घंटा झाली. म्हातारी माळ घेऊन बसलेलीच होती. नंतर सांगू, असं म्हणून रोझीने सुरुवात केली. दिवसभराची दमलेली, डोळे मिटत होते. तिसऱ्या रहस्यापाशी, म्हणजे तिसऱ्या दहा मण्यांवर, तिची जीभ भलतीकडेच गेली.

"स्वातंत्र्याचा जाहीरनामा, सतराशे शहात्तर," ती बोलून गेली. मेले, आता दहा मणी पुन्हा, असं तिच्या मनात आलं.

"हे पवित्र मरिये, देवाच्या माते," म्हातारीने लगेच उत्तर धरलं आणि आमेनपर्यंत नेलं.

रोझीने वळून पाहिलं. म्हातारीचे डोळे मिटलेले, चेहरा शांत. मग, देव क्षमा करो, तिने मुद्दाम म्हटलं, "दक्षिणेकडे कापसाचे मळे होते."

"हे पवित्र मरिये," म्हातारी म्हणाली, तितक्याच भक्तीने.

रोझी गप्प झाली. तशी म्हातारी बावरली, माळ चाचपडू लागली.

"चुकलं का गं माझं?" तिने हळूच विचारलं. "घंटा झाली की मला भीती वाटते. प्रार्थनेतलं एवढंच आठवतं, तू थांबलीस की पुढचं काही सापडत नाही. व्हिक्टरला सांगू नकोस."

दोन वर्षं रोझी तिला मनातल्या मनात शिव्या घालत आली होती, आणि म्हातारी तिच्या आवाजाचं बोट धरून चालली होती. रोझीला रडू आलं. रागही आला, कारण घोकून आणलेलं ते वाक्य आता सांगायचं कुणाला?

"नाही आई, बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली, आणि पुढच्या मण्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर यादवी युद्ध लिहिलं. एका बाजूला उत्तरेचं सैन्य, दुसऱ्या बाजूला दक्षिणेचं. पावणेसात झाले तशी रोझीने वही मिटली. लढाई कोण जिंकलं, एवढं विचारायचंही त्राण तिच्यात नव्हतं. तिने चपला घातल्या आणि घंटेच्या आधी पोचायला हवं म्हणून भराभर चालू लागली.