टेबलावर फक्त इंग्लिश

या फोरमवर मी येतो तो मुख्यतः भांडायला, हे इथल्या जुन्या मेंबरांना माहीत आहे. कुणी पिंपळाखालचं, घाटातल्या बाईचं वगैरे लिहिलं की खाली पहिली शंका माझी. लाइट होती का, अजून कुणी पाहिलं का, आदल्या दिवशी झोप झाली होती का... माझा या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. खरं सांगू? आजही नाही. पण एक दुपार माझ्याकडे अशी आहे की तिच्यावर शंका काढून काढून मीच थकलो. म्हणून आज भांडत नाही, लिहितो. शंका तुम्ही काढा.

२००६ चा ऑक्टोबर. मी न्यू जर्सीत एडिसनला होतो, पुण्याच्या कंपनीनं ऑनसाइट पाठवलेला. मूळ नागपूरचा. लग्न व्हायचं होतं, वीकेंड रिकामे, आणि मला पोकरचा नाद लागला होता. अटलांटिक सिटीला कॅसिनोची बस जायची, तिच्यात बसलं की झालं. जुगार म्हणाल तर म्हणा, मी वाद घालणार नाही (इतरत्र घातला आहे). पण कॅश गेममध्ये बसलेल्या माणसाचं मुख्य काम म्हणजे आलेली पानं टाकून देणं आणि समोरच्याचा चेहरा वाचणं. पैसे देऊन चिप्स, म्हणजे खेळायच्या चकत्या, घेऊन बसायचं, कंटाळा आला की उठायचं. माझ्यासारख्या संशयी माणसाला याहून बरी जागा मिळणार नाही.

तिथला एक नियम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तो लागणार आहे. डाव चालू असताना टेबलावर फक्त इंग्लिश बोलायचं. दोघांनी आपल्या भाषेत एकमेकांना पानं सांगू नयेत म्हणून. पहिल्यांदा गेलो तेव्हा रूममेट बरोबर होता. तो सवयीनं म्हणाला, "काय करू रे, टाकू का?" लगेच पानं वाटणाऱ्या डीलर बाईंनी बोट वर केलं, "इंग्लिश ओन्ली, प्लीज." आम्ही दोघं शाळेत बाकावर उभं केल्यासारखे गप्प. त्यानंतर तो कधी आलाच नाही. मी एकटा जायला लागलो.

आता माझ्या आईबद्दल. आमची आई म्हणजे आवाज. नागपूरला आमच्या लाइनीत शेवटच्या क्वार्टरपर्यंत तिची हाक जायची. "अहो, ताटं वाढलीत, चला" — ही हाक ऐकून शेजारचे लोक जेवायला बसायचे, इतकी ती वेळेवर असायची. बाबा इरिगेशनमध्ये ड्राफ्ट्समन होते. हाक आल्याशिवाय ते जन्मात कधी पानावर बसले नाहीत. भूक लागली तरी पेपर वाचत बसतील, पण आपणहून उठणार नाहीत. ऑफिसात "चला साहेब, डबा" असं कुणीतरी म्हणायचं, तेव्हा डबा उघडायचा. यात रुबाब नव्हता हो. त्यांना तसंच माहीत होतं, जेवण म्हणजे कुणीतरी बोलावतं.

मग आईचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, आई वाचली, पण आवाज गेला. पूर्ण नाही — कुजबुज राहिली. फोन कानाला दाबून धरला तर कळायचं. डॉक्टर म्हणाले होते येईल हळूहळू. तो आला नाही. तेव्हापासून ती स्वयंपाकघरातून चमच्यानं ताट वाजवायची, आणि बाबा उठायचे. आमच्याकडे तिच्या जुन्या आवाजाची एक कॅसेटसुद्धा नाही. कुणाला वाटणार, की हा आवाज जपून ठेवायला पाहिजे...

त्या ऑक्टोबरात बाबा एकटेच माझ्याकडे आले होते. ताईचं बाळंतपण झालेलं, म्हणून आई अमरावतीला तिच्याकडे. बाबांना शुगर. सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यायचे, आणि त्यानंतर दुपारचं जेवण लांबलं की गडबड — हात थरथरायचे, घाम, बोलणं असंबद्ध. तेवढं एक पथ्य काटेकोर पाळायचं होतं. आईनं फोनवर कुजबुजत पुन्हा पुन्हा बजावलेलं, "बाकी काही कर, त्यांचं जेवण वेळेवर."

शनिवारी मी त्यांना बसनं अटलांटिक सिटीला नेलं. समुद्र बघायचा होता त्यांना. आत कॅसिनोत ते जेमतेम दहा मिनिटं टिकले. "अरे, हे सगळे काय भांडी आपटतायत का?" स्लॉट मशीनच्या आवाजानं त्यांचं डोकं उठलं. बाहेर बोर्डवॉक आहे, समुद्राला लागून लाकडी फळ्यांचा रुंद रस्ता, बाक टाकलेले. तिथे ऊन छान होतं. त्यांना बाकावर बसवलं, हातात डबा दिला. पोळ्या नि बटाट्याची भाजी. मी म्हणालो, "बारा वाजले की खाऊन घ्या. माझी वाट बघू नका."

"हो हो. तू जा, खेळ तुझं ते."

आता 'हो हो' म्हटल्यावर कोणता मुलगा अजून काय विचारणार? मी आत गेलो.

माझ्या डावीकडे व्हिन्स नावाचा म्हातारा होता, जर्सीचाच, इटालियन घरातला, सदैव काहीतरी बडबडणारा. डीलर होती डोना, पन्नाशीची, कडक. माझ्या खुर्चीमागे एक पितळी कठडा आणि पलीकडे स्लॉट मशीन्स. सकाळभर मी पानं टाकत बसलो होतो. मग एकदाचे हातात दोन बादशहा आले, आणि टेबलावर उघडलेल्या पहिल्याच तीन पानांत तिसरा बादशहा. खेळणाऱ्यांना सांगायला नको. न खेळणाऱ्यांनी एवढंच समजा, की महिनोन्महिने ज्याची वाट बघायची ते पान समोर पडलं होतं. मी पैसे लावले. समोरचा टोपीवाला विचार करत बसला. टेबल शांत.

तेवढ्यात डोनानं मान वर केली. माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, "मॅम, इंग्लिश ओन्ली, प्लीज."

मला वाटलं, मागे कुणी चिनी बाई असेल. मी नजर टोपीवाल्यावरून हलवली नाही. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

थोड्या वेळानं पुन्हा. या वेळी आवाज चढवून, आणि बघत होती माझ्याकडे. "सर, डाव चालू आहे. तुमच्या बरोबरच्या बाईंना सांगा ना, टेबलावर इंग्लिश बोला किंवा थांबा."

"माझ्याबरोबर कुणी नाही," मी म्हणालो आणि मागे वळलो. कठडा होता. कठड्यापलीकडे एक माणूस आमच्याकडे पाठ करून मशीनमध्ये नाणी टाकत होता. बाई कुणी नव्हती.

व्हिन्स हसला. त्याचं बोलणं मराठीत सांगतो, कारण मला ते मराठीतच आठवतं. "उठ ना बाबा आता. मला तुमची भाषा येत नाही, पण ही हाक कळते. माझी आजी सॉसचं पातेलं खाली उतरवलं की अश्शीच ओरडायची, अख्ख्या ब्लॉकला ऐकू जायचं. जेवण गार होतंय तिथे. तिला अजून एकदा बोलवायला लावशील तर मार खाशील."

"कोण बोलावतंय?"

"मी कुठे मागे बघतोय, मी पानं बघतोय. तुला ऐकू नाही आलं? कान तपासून घे."

मी घड्याळ बघितलं. जेवणाची वेळ होऊन खूप वेळ गेला होता. आणि हे मी शपथेवर सांगतो — तोपर्यंत माझ्या डोक्यात भूतबीत काही नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट आली, की बाबांना जेवायला कुणी बोलावलेलंच नाही.

डावाच्या मध्ये उठलं की पानं मेली. तीन बादशहा टाकून कुणी उठत नाही. मी उठलो. व्हिन्सला म्हणालो, चिप्सकडे बघ, आणि पळत सुटलो. त्या कॅसिनोतून बाहेर पडायचा रस्ता मुद्दाम लवकर सापडू नये असा केलेला असतो; त्या दिवशी मी ज्याला त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

बाबा बाकावर एका अंगाला कलंडले होते. शर्ट घामानं भिजलेला. पण डबा... डबा मांडीवर उघडा होता. पोळीचा तुकडा मोडून हातात धरलेला, तोंडापर्यंत न पोचलेला. येणारे-जाणारे बघून जात होते, म्हातारा झोपलाय म्हणून.

"बाबा!"

डोळे उघडेनात. ओठ हलत होते. मी कान जवळ नेला. ते म्हणत होते, "आलो गं... बसलोय ना... किती हाका मारशील..."

बाजूच्या पिझ्झाच्या स्टॉलवरच्या पोरीनं न विचारता कोकचा ग्लास आणून दिला. मी थोडं थोडं करून पाजलं. निम्मं शर्टावर, निम्मं पोटात. कॅसिनोची मेडिकलवाली माणसं आली, बोटाला सुई टोचून शुगर बघितली, अजून ज्यूस पाजला. त्यातला एक जण म्हणाला, "अजून जरा उशीर झाला असता तर..." मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. मला तेव्हा रडू फुटलं होतं, भर रस्त्यात, आणि लाज वाटली नाही.

माणसात आल्यावर बाबांनी आधी काय केलं असेल? उरलेली पोळीभाजी खाल्ली. मी विचारलं, "खाल्लं का नाही वेळेवर?"

"बसलो होतो ना. मग तिनं हाक मारली तेव्हा डबा उघडला. पण हात वर होईना."

"कुणी हाक मारली?"

माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच आजारी आहे. "तुझ्या आईनं. दुसरं कोण मारणार?"

"आईला आवाज कुठाय, बाबा..."

"मला काय माहीत. मारली खरी." आणि बटाट्याची फोड पोळीत घेतली. त्यांना त्यात नवल काही वाटलंच नाही. आयुष्यभर ऐकलेल्या हाका, त्यात एक जास्त.

आता तुमच्या शंका, ज्या मी आधीच काढून बसलो आहे. शुगर उतरली की माणसाला भास होतात — मान्य. बाबांचं सोडून द्या. पण डोनाची शुगर उतरली नव्हती. ब्रेकमध्ये तिला गाठून विचारलं. ती म्हणाली, "मी नीट बघितलं नाही, आवाजाच्या रोखानं बोलले. तुझ्या अगदी मागून येत होता." आमच्या बसमध्ये दोन गुजराती मावश्या होत्या, त्यांनाही शोधून विचारलं, त्या सकाळपासून बुफेतून हलल्या नव्हत्या. टोपीवाल्यानंही ऐकलं होतं. तो चिडून म्हणाला, विचार करू देत नव्हती ती बाई.

घरी आल्यावर रात्री अमरावतीला फोन लावला. तिकडे सकाळ. आईला सगळं सांगितलं. पलीकडे बाळ कुरकुरत होतं. मी म्हणालो, "आई, काल रात्री तू काय करत होतीस?"

"झोपले होते रे," कुजबुज आली. "बाळानं आदल्या रात्री जागवलं होतं." मग, "मी कशी हाक मारणार..." आणि लगेच, "जेवले का नंतर नीट?"

म्हटलं, जेवले.

आता बाबा नाहीत, ते पुढे बऱ्याच वर्षांनी गेले, घरी, जेवून. आई आहे. तिचा आवाज तसाच, फोन दाबून धरावा लागतो. पोकर मी अजूनही कधीकधी खेळतो, भुताला घाबरून सोडण्यातला मी नाही. स्पष्टीकरण नाही माझ्याकडे. तुमच्याकडे असलं तर खाली लिहा, मी वाचेन, आणि सवयीनं भांडेनही.

पण मला अडतं ते निराळ्या ठिकाणी. त्या दिवशी चिप्स घेताना मी व्हिन्सला विचारलं होतं, आवाज कसा होता? तो म्हणाला, "मोठा. खणखणीत. पण रागावलेला नव्हता." म्हणजे तिचाच. जो आवाज परत एकदा कानावर पडावा म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं, तो बाबांनी ऐकला. टोपीवाल्यानं ऐकला, वैतागला. डोनानं ऐकला, तिनं तर दोनदा त्याला गप्प बसायला सांगितलं. मी सगळ्यात जवळ बसलो होतो, माझ्याच खुर्चीमागून येत होता म्हणे... आणि मला नाही ऐकू आला.