भाकर चालेल

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात आमच्या घरच्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, साखरेची बीमारी निघाली. आमचं गाव सानगडीच्या पुढे, तलावाखाली धानाची शेती. चांगले धष्टपुष्ट गृहस्थ, पण सदऱ्यात मावेनासे होते ते सदऱ्यात हरवायला लागले, आणि तहान तर संपतच नव्हती. एसटीने भंडाऱ्याला गेलो. डॉक्टर पुण्याकडचे, नवीनच आलेले, बोलायला मऊ. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "गोड बंद. भात बंद म्हणजे बंद. भाकरी चालेल. नाहीतर पुढे पायांवर जाईल हे दुखणं." मी मान डोलावली. मी सातवी पास होते. घरात मला शहाणी समजत, आणि मीही समजत असे.

आमच्याकडे सकाळी शिळा भात, दुपारी ताजा भात, संध्याकाळी पुन्हा भात. लग्नात पाहुणा भात न घेता उठला, तर काय चुकलं म्हणून यजमान मागे धावतो. परतीच्या एसटीत ते साकोलीपर्यंत गोळ्यांची पुडी उलटसुलट करत बसले. मग म्हणाले, "मंग आता जगाचं कायले?"

"नाटकं नोका करू," मी म्हटलं. "भाकर हाये ना."

आणि भाकर मी केली. तिच्यात मी कसूर ठेवली नाही. घरच्याच चिन्नोर धानाची कणकी, म्हणजे तांदळाची चुरी, धुऊन वाळवायची, दळून आणायची, पीठ उकळत्या पाण्यात मळायचं. पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली भाकर उतरायची. आमच्याकडे नुसतं भाकर म्हटलं की ती तांदळाचीच. जवारीची असेल तर तसं नाव घेऊन सांगतात. सकाळी चार, संध्याकाळी चार. बिचारे भात सोडून बसलेत म्हणून कधी पाचवीही वाढत असे. वाचणाऱ्याला एव्हाना कळलं असेल. मला सव्वा वर्ष कळलं नाही.

डॉक्टरांनी एक निळं औषध आणि काचेची नळी दिली होती. आठवड्यातून एकदा नळीत ते औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे, चिमट्यात धरून विस्तवावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, विटकरी झालं तर भरपूर. स्वयंपाकाच्या चुलीवर हे करायला मला किळस यायची, म्हणून मी मागच्या अंगणात वेगळी तीन दगडांची चूल मांडली. नळीतलं पाणी दर वेळी विटकरी व्हायचं.

गोळ्या मी हातावर ठेवत होते, गूळ-साखरेचा डबा माझ्या ताब्यात होता. मग उरलं काय? हा माणूस बाहेर भात खातो. त्यांची बहीण शेजारच्याच गावात दिलेली, तिच्याकडे आठ दिवसांतून एक फेरी असायची. एकदा ते तिथून आले आणि दुसऱ्या दिवशी नळी विटकरी. मी विचारलं, "बहिणीकडे भात खाल्ला का?"

"भाकरच खाल्ली. भाताले हातबी नाही लावला."

"मंग हे काय हाये?" मी नळी त्यांच्या नाकासमोर धरली. "चोराच्या उलट्या बोंबा!"

"मी काहून खोटं बोलीन वो? तिले विचार."

मी नणंदेला विचारलं नाही. ती भावाचीच बाजू घेणार, हे मी धरून चालले होते. उलट पोळ्याला ती आली तेव्हा सगळ्यांदेखत मी तिला म्हटलं, "भावाले मारून टाकाचं हाये का?" ती न जेवता गेली आणि नंतर वर्षभर आली नाही.

चिन्नोरच्या भाताचा वास बोटांना राहतो. ते बाहेरून आले की मी त्यांचा उजवा हात धरून हुंगायला लागले. बोटांना वास यायचाच, भाकरही त्याच तांदळाची होती ना. पण मला त्यात भात दिसायचा. सुरुवातीला ते चिडायचे, हात हिसडून घ्यायचे. पुढे पुढे दारातून आत आले की न सांगता हात पुढे करायला लागले. ते पाहून तेव्हा मला वाईट वाटलं नाही. आता वाटतं.

दुसऱ्या वर्षी रोवणीच्या दिवसांत धानाची रोपं लावून ते बांधीच्या चिखलातून वर आले, तेव्हा त्यांच्या पायामागे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रक्त दिसत होतं. अंगठ्याखाली बाभळीचा काटा मोडला होता. "दुखत नाही काय?" मी विचारलं. "नाही तं," ते म्हणाले, आणि त्यांनी पाय असा पाहिला की तो दुसऱ्या कोणाचा असावा. हळद भरली, चिंधी बांधली. पंधरा दिवसांत अंगठा काळा पडला.

भंडाऱ्याला त्यांना दवाखान्यात ठेवलं. तीन बोटं काढली. मी दवाखान्याच्या मागे विटा मांडून स्वयंपाक करत होते. चौथ्या दिवशी मी त्यांना वाढत असताना डॉक्टर आले. ताटाकडे पाहून म्हणाले, "ही कसली?"

"भाकर. तुमीच सांगतली होती."

"पण ही पांढरी?"

"तांदळाची पांढरीच राहते."

ते मला व्हरांड्यात घेऊन गेले. "अहो बाई, भाकरी म्हणजे ज्वारीची! तांदळाची काय आणि भात काय, एकच की." मग तेच थांबले. म्हणाले, "मी विचारायला हवं होतं." मीही विचारलं नव्हतं. जखम चढते आहे, घोट्यापासून पाय काढावा लागेल, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते आमच्या घरात मी होते. रडू यायला हवं होतं. आलं नाही. हाताला पीठ वाळून ताणत होतं, तेवढं कळत होतं.

आत येऊन मी खाटेशी खाली बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. भाकरीचं आधी, पायाचं नंतर. पाय कापणार हेसुद्धा एकाच दमात सांगून टाकलं. ते वर छताकडे पाहत होते. तसंच पाहत म्हणाले, "म्हंजे मी खोटं नव्हतो बोलत."

"नाही," मी म्हटलं.

"मंग घरी सांगशील. सगळ्यायले सांगशील. बहिणीलेबी."

मी हो म्हटलं. पायाचं त्यांनी काहीच विचारलं नाही.