भावाच्या बदल्यात

सुईत दोरा ओवताना अजून मला आमच्या आळीच्या हुतूतू संघाचा कप्तान आठवतो. पेशाने शिंपी. बोलायचा तोही ओठांत सुई धरूनच.

एका वर्षी त्याने आपला सख्खा धाकटा भाऊ, आमचा सगळ्यांत चपळ गडी, बंदरावरच्या संघाला दिला आणि बदल्यात त्यांचा एक जाडा, सुस्त गडी आणला. आम्ही भडकलो.

"चढाईला चौघे आहेत रे मेल्यांनो, पकडीला कोण आहे?" एवढंच म्हणाला.

अंतिम सामन्यात त्या जाड्याने शेवटच्या चढाईला आलेल्या भावालाच धरलं. आम्ही जिंकलो, नाचलो. हा मात्र भावाचा फाटलेला गंजीफ्रॉक मांडीवर घेऊन शिवत बसला होता. सुई हातात होती, ओठ मोकळे होते, तरी एक शब्द बोलला नाही.