मुद्दाम चुकणारी धुरपदाबाई

धुरपदाबाई आमच्या अंगणवाडीची मदतनीस. झाडलोट करायची, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची आणि पोरांना घरोघरून गोळा करून आणायचं, हे तिचं काम. शिक्षण तिसरी. मी सेविका, बालशिक्षणाचं प्रशिक्षण घेतलेली, तेही दोनदा, धुळ्याला जाऊन. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यातलं शहाणपण माझं नव्हतं.

आमचं गाव नरडाण्यापासून जवळ. धुरपदाअक्का साठीला टेकलेली, हात चांगले रुंद. लग्नकार्यात मांडे करायला अख्ख्या गावात तिलाच बोलावतात. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत परातीएवढा करते आणि सुरकुती न पाडता खापरावर टाकते. पोरांना मातीत खेळवायची खोड तिला त्या हातांमुळेच लागली असावी. शेतातली काळी माती चाळून, भिजवून, कणकेसारखी तिंबून ती डब्यात आणायची. मला राग यायचा. पाट्या मळत, फरशी मळे, आणि पाहणीला साहेब आले की बोलणी मी खायची.

त्या वर्षी अंगणवाडीत देवयानी होती, पुनमची मुलगी. साडेपाच वर्षांची, पण तोंडातून शब्द नाही. धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की कान चांगले आहेत, जीभ चांगली आहे, पोरीला खेळवा, बोलतं करा. पण घरात सासूबाईंचा, यशोदाबाईंचा, शब्द चाले. त्यांनी ठरवून टाकलं होतं की जूनमध्ये हिला पहिलीत घालायचं नाही, पोरं चिडवतील, घरीच राहू दे. पुनम रोज दारात पोरीला सोडताना माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन बघायची आणि मी रोज नजर चुकवायचे.

आई म्हणून पुनमला तोड नव्हती. पोरीची भुवई हलली की पाणी पुढे, बोट वळलं की चप्पल पायात. मला त्याचं फार कौतुक वाटे.

भाद्रपदात गुलाबाई बसली, म्हणजे मुलींचा गाण्यांचा सण सुरू झाला. आमच्याकडे गुलाबाईची गाणी झाली की घरधनीण खाऊ डब्यात लपवते, डबा वाजवून दाखवते आणि मुलींनी तो ओळखायचा. धुरपदाअक्कानं हा खेळ उलटा केला. पोरांनी मातीचं काहीही करायचं, वाटीखाली झाकायचं, मग वाटी उचलायची आणि मोठ्यांनी ओळखायचं.

देवयानीनं पहिल्या दिवशी नुसता गोळा दाबला. त्यावर तिच्या पाच बोटांचे ठसे होते. चौथ्या-पाचव्या दिवशी गोळा गोल झाला. मग तिनं वळी वळली, वळीला वळी जोडली. एकदा वाटी उचलली तर आत चार पाय आणि दोन शिंगं. मी लगेच म्हटलं, "बैल! शाब्बास." पोरीनं होकाराची मान हलवली, वाटी बाजूला सारली आणि उठून गेली.

अक्का माझ्यावर उखडली. "ताई, तुम्हीन पहिलाच डावले वळखी लिधं. मंग पोरनी काय सांगानं? तिले बोलानी गरजच पडत नही. बठ्ठं तुम्हीच सांगी टाकतस."

दोन प्रशिक्षणांत जे मला कुणी सांगितलं नव्हतं, ते हिनं चुलीवरची खिचडी ढवळता ढवळता सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून अक्का चुकायला लागली. बैलाला खाट म्हणायची, भाकरीला चांदोबा, विहिरीला टोपी. तोंड इतकं गंभीर की मलाच हसू आवरेना. देवयानी मान हलवी, कपाळाला आठ्या घाली, बोट नाचवी. अक्काला काही म्हणजे काही कळत नसे. नवव्या दिवशी तिनं मातीच्या शेळीला चूल म्हटलं आणि पोरगी ताडकन उभी राहून म्हणाली, "नही."

खोलीतली सगळी पोरं तिच्याकडे वळून बघायला लागली. मी हातातलं काम टाकून पुढे सरकले. अक्का मात्र शांतपणे म्हणाली, "मंग काय शे?"

"बकरी."

दिवाळीपर्यंत ती अक्काशी भांडायला लागली. शब्द दहा-बाराच, पण स्वतःचे. माती चिमटून शेळीचे कान काढणारी तीच बोटं आता पाटीवर पेन्सिल धरू लागली. ते बघताना मी कितीदा हजेरी लिहायची विसरले. घरी मात्र ती मुकीच. तिथे तिला बोलायची गरजच नव्हती.

म्हणून एका दुपारी अक्कानं न्यायला आलेल्या पुनमला पोरांमध्ये बसवलं आणि कानात सांगितलं, "वळखू नको."

देवयानीनं वाटी उचलली. आत एक बाई होती. डोक्यावर पदर, काखेत छोटासा गोळा, आणि हात अंगापेक्षा मोठे. पुनमनं बघितलं आणि तिला कळलं. कळलेलं तिच्या तोंडावर दिसत होतं. साडेपाच वर्षं जिनं पोरीचं सगळं न सांगता ओळखलं, तिला आता न ओळखण्याचं सोंग करायचं होतं. तिनं पदर तोंडाशी धरला. मला वाटलं, हिला जमायचं नाही.

"म्हैस शे का हाई?" पुनम म्हणाली.

देवयानी आईकडे बघत राहिली. मग तिनं मोठ्या माणसासारखा उसासा टाकला, ती मातीची बाई उचलून आईच्या तळहातावर ठेवली आणि समजावून सांगितलं, "नही वं माय. हाई तू शेस."