चार थेंबांची सुभद्रा

आता मेलं गुडघा दुखला की कुणीही दुकानातून मलमाची नळी आणतं, चोळतं अन् मोकळं होतं. चौऱ्याहत्तर सालच्या धरमपेठेत तसं नव्हतं. तिथं सुभद्रा यायची.

हिंगण्याहून सकाळच्या बसनं ती उतरायची. नवरा बळीराम तिकडच्या कारखान्यात पाळीवर, आणि ही धरमपेठेतल्या पाच घरच्या बायकांच्या पाठी, गुडघे अन् बाळंतपणं सांभाळणारी. हाताला गुण आहे हो तिच्या, असं सगळ्या म्हणायच्या. हाताला होताच, पण निम्मा गुण करंगळीएवढ्या कुपीतल्या दालचिनीच्या तेलाचा होता.

ती कुपी इतवारीतल्या गिरिधर अत्तरवाल्याकडची. गिरिधर भारी बोलका. दक्षिणेत दालचिनीची पानं मोठ्या हंड्यात वाफवतात, वाफ थंड झाली की पाण्यातून तेल वेगळं काढतात, पोतंभर पानांतून ओंजळभरही निघत नाही, हे तो दर खेपेला नव्यानं सांगायचा. सालीचं तेल त्याहून जहाल, ते मिठाईवाल्यांचं, तेही नावाला. "पण बाई, पानांचंही नुसतं लावशील तर चमडी जाईल," एवढं बोलून मगच कुपी हातात द्यायचा. सुभद्रेनं त्याची मनाशी पक्की गाठ बांधली होती. वाटीभर कोमट तिळाच्या तेलात चार थेंब. पाचवा नाही. पोटुशीला अन् तान्ह्याला तर एकही नाही.

काय दिवस होते ते. थंडीत दार लावून ती वाटी शेगडीवर धरायची आणि घरात असा गोड-तिखट वास सुटायचा की शेजारीण विचारायला यायची, आज पक्वान्न काय. जखडलेली पाठ सैल व्हायची, बायका तिथंच पेंगायच्या. सुभद्रेला ते पेंगणं बघायला फार आवडायचं.

या पाचांतलं पहिलं घर यमुताईंचं. यमुताई निवृत्त मुख्याध्यापिका. त्या बोलल्या की मुलगा कृष्णकांत अन् सून अरुंधती मान हलवायचे. पावसाळ्यात त्यांचे गुडघे धरायचे. बसच्या धक्क्यांनी कुपी सांडते म्हणून सुभद्रा ती घरी परतताना यमुताईंच्याच कपाटात ठेवायची, आणि सांगायचीही, "बाई, हे नुसतं लावू नका बरं. चार थेंब, तेलात."

यमुताई हूं म्हणायच्या. पण मनात वेगळंच शिजत होतं. तेव्हा भेसळीचा असा काही सुळसुळाट होता की माणसाचा कशावरच विश्वास उरला नव्हता. गवळी दुधात पाणी घालतो, वाणी मिऱ्यात पपईच्या बिया घालतो, मग ही बाई अस्सल अर्कात वाटीभर तिळाचं तेल कशासाठी ओतते? पुरवून पुरवून वापरते, दुसरं काय. शिकलेल्या बाईला शंका आली की ती कुणाला विचारत नाही, हीच तर पंचाईत.

पोळ्याला सुभद्रा माहेरी गेली. दुसऱ्या दिवशी मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक. रोगराई घेऊन जा गे मारबत, असा पुकारा करत सारं शहर रस्त्यावर. कृष्णकांत-अरुंधती बघायला गेले. घरात यमुताई, ठणकणारे गुडघे आणि कपाटातली कुपी. त्यांनी ती निम्मी निम्मी दोन्ही गुडघ्यांवर रिकामी केली, खसाखसा चोळली अन् वरून गरम फडकं गुंडाळलं.

लेक-सून परतले तेव्हा गुडघ्यांवर फोड टरारले होते. कशानं झालं, आई? यमुताईंनी डोळे मिटले. "सुभद्रेच्या तेलानं," एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सुभद्रा आली तर कृष्णकांत वाट अडवून फाटकातच उभा. दारात पाऊल टाकायच्या आधीच तिला वास आला. चार थेंबांचा वास असा नसतो. काय झालं ते तिला कळलं. तिनं फाटकातूनच उघड्या दाराकडे बघत विचारलं, "बाई, सांगा ना यायले. चार थेंब सांगतले होते ना मी तुम्हाले?"

यमुताईंनी भिंतीकडे तोंड केलं.

आठवड्यात पाचही घरं बंद झाली. तेजाब लावते म्हणे, इथवर बातमी गेली. कापूस फुटला तशी सुभद्रा तो वेचायला जाऊ लागली. बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडून निघाली. संध्याकाळी ती हात पाहत बसायची. या हातांनी आता कुणाच्या अंगाला शिवायचं? एकदा बळीरामला म्हणाली, "वावरातल्या कामाचं काई नाई. पण मले भेसळवाली, जाळणारी म्हणतात, ते नाई सोसत."

संक्रांतीनंतर अरुंधती स्वतः बसनं हिंगण्याला आली. आईंनी हळदीकुंकवाला बोलावलंय म्हणाली. सुभद्रा जायला तयार नाही. बळीराम म्हणाला, "जाय ना वं. खाऊन टाकते का तुले?"

बैठक बायकांनी गच्च भरली होती. पाचही घरच्या होत्या. सुभद्रा दाराशी टेकली, ओरखडलेले हात पदरात घेऊन. यमुताई खुर्चीवरून उठल्या नाहीत. त्यांनी पातळ दोन्ही हातांनी गुडघ्यांच्या वर ओढलं. करपलेल्या पोळीसारखी कातडी, काळी-गुलाबी.

"नीट बघा," शाळेतल्या त्या खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या. "हे सुभद्रेनं नाही केलं. तिनं मला चार थेंब सांगितले होते. मला वाटलं, ही भेसळ करते. मी अख्खी कुपी ओतली. आणि पोराला खरं सांगायची लाज वाटली म्हणून पाच महिने हिचा बळी दिला."

आयुष्यभर पोरींना खरं बोला म्हणून छड्या मारलेली बाई ती. एवढं बोलूनही मुठीतलं पातळ तिनं सोडलं नाही.

सुभद्रेला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर आपल्याला आनंद होईल. झाला नाही. ती उठली, बायकांमधून वाट काढत पुढं गेली, खाली बसली अन् यमुताईंच्या मुठी सोडवून पातळ घोट्यापर्यंत नीट केलं.

"झालं ना बाई," ती म्हणाली. "आता झाका. एवढ्या जणीत गुडघे उघडे टाकून काहून बसल्या?"